जुन्या छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोराईच्या वाडीत आमचा, म्हणजे मामांचा, जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आहे. त्याच्या मागे बॅकहो बसवला त्याला आता बरेच पावसाळे झाले. बोरिवलीहून बोटीनं येणारा वाटेत थांबतो, दोन मिनिटं बघतो आणि मग सगळे विचारतात तेच विचारतो. उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

बॅकहो म्हणजे जेसीबीच ना?

आपल्याकडे पिवळं काहीही खोदताना दिसलं की तो जेसीबी. खरं तर जेसीबी हे कंपनीचं नाव आहे आणि तिचं पूर्ण यंत्र म्हणजे बॅकहो लोडर: पुढे रुंद बकेट, मागे खोदायचा हात. त्यातला मागचा हात म्हणजे बॅकहो. बूम (ट्रॅक्टरकडचा मोठा दांडा), आर्म (त्याच्या पुढचा दांडा), बकेट, डावी-उजवीकडे वळायचा स्विंग आणि जमिनीवर टेकायचे दोन जॅक, एवढा त्याचा संसार. आपण फक्त तेवढाच ट्रॅक्टरला लावतोय.

शेतीच्या ट्रॅक्टरवर हा जुगाडच नाही का?

गंमत अशी की जुगाड म्हणावा तोच मूळ प्रकार आहे. अमेरिकेत वेन-रॉय कंपनीनं १९४८ साली पहिला पूर्ण हायड्रोलिक बॅकहो विकला, तो फोर्ड ८-एन या छोट्या शेतीच्या ट्रॅक्टरवर बसवूनच. जेसीबीचा पहिला बॅकहो लोडर त्यानंतर, १९५३ साली आला. म्हणजे आधी ट्रॅक्टर, मग पिवळं यंत्र. पण पुढे या कामासाठी वेगळी यंत्रं बनवावी लागली, ती का, हे समजून घेतल्याशिवाय वेल्डिंग मशीन सुरू करू नका.

माझा ट्रॅक्टर चालेल का?

मॅसी १०३५, महिंद्राचा बी-२७५ (आमच्या खाडीपलीकडे कांदिवलीत बनलेला), जुना फोर्ड, एचएमटी, असे साधारण तीस-पस्तीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर चालतात. पंचवीसवरही चालतं, पण हात लहान घ्यावा लागतो. अश्वशक्तीपेक्षा मी आधी तीन गोष्टी बघतो. पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) भारावर असताना सुटत नाही ना, मागच्या एक्सल हाउसिंगला कुठे केसासारखी चीर नाही ना, आणि पुढच्या एक्सलचा मधला पिन-बुश ढिला नाही ना. इंजिन धूर काढत असेल तर त्याचा इलाज आहे. हाउसिंग तडकलं असेल तर त्या ट्रॅक्टरला पाणी ओढायच्या कामालाच ठेवा.

लिफ्टच्या तीन पॉइंटना सरळ जोडला तर? पाच मिनिटांत लागतो आणि निघतो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझा सगळ्यात मोठा मूर्खपणाही हाच. तीन पॉइंट म्हणजे नांगर जोडायच्या मागच्या तीन काठ्या: खालच्या दोन लोअर लिंक, वरची एक टॉप लिंक. मी आधी तसाच जोडला होता. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच टॉप लिंक धनुष्यासारखी वाकली. नशीब, पूर्ण मोडली नाही.

हिशोब मांडू. आर्मचा सिलिंडर ६३ मिलिमीटर बोअरचा धरा. त्याचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. तेलाचा दाब १४० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर तो सिलिंडर सव्वाचार टनांहून जास्त ढकलतो. आर्मच्या पिनेपासून सिलिंडर २५ सेंटिमीटरवर आणि बकेटचा दात सव्वा मीटरवर असेल, तर दातापाशी त्याचा पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे ८६० किलोच्या आसपास. आता दात जमिनीखाली दीड मीटरवर आहे आणि लोअर लिंकची पिन जमिनीवर अर्धा मीटर. मधलं अंतर दोन मीटर. ८६० गुणिले २ म्हणजे १७२० किलोग्रॅम-मीटरचा पीळ. लोअर लिंक आणि टॉप लिंक यांच्यात उभं अंतर कितीसं? कॅटेगरी एकच्या, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरच्या ठरीव मापाच्या जोडणीत ४६ सेंटिमीटर. भागून बघा: टॉप लिंकवर पावणेचार टन. जॅकनी त्यातला काही भार वाटून घेतला तरी उरलेला छोटा नाही. नांगराचा धक्का सोसायला बनवलेल्या काठीवर आपण ट्रक ठेवतोय.

माती बकेटला ट्रॅक्टरपासून लांब ढकलते, त्यामुळे हाताची वरची बाजू पुढे, ट्रॅक्टरकडे झुकते. ऑपरेटर बसलेला असतो नेमका तिथेच. टॉप लिंक मोडली तर त्याची सीट आणि ट्रॅक्टरचं मडगार्ड यांच्यात माणूस दाबला जातो. असे अपघात जगभर झाले आहेत.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. फर्ग्युसन पद्धतीची लिफ्ट फक्त वर उचलते, खाली दाबत नाही. हाताचा धक्का वरच्या दिशेनं आला की लोअर लिंक तरंगतात आणि अख्खा बॅकहो वर येतो. चेन बांधा, पट्ट्या लावा, टॉप लिंकचं काय करणार? म्हणून लिफ्ट सोडायची आणि सबफ्रेम करायची.

मग सबफ्रेम म्हणजे नेमकं काय?

ट्रकला चासी असते, तशी मॅसीसारख्या ट्रॅक्टरला नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचं एक्सल हे बिडाचे डबे एकामागे एक बोल्टनी जोडलेले असतात आणि तेच पाठीचा कणा. बीड दाब सोसतं, वाकणं सोसत नाही. बॅकहोचा पीळ या कण्यात गेला की कधीतरी क्लच हाउसिंगच्या जोडावर तडकतं. माझ्या ओळखीतल्या एकाचा ट्रॅक्टर तसाच दोन भागांत आला. तेव्हा तो नुसता वळत होता, खोदतही नव्हता.

सबफ्रेमचं काम एकच: हा पीळ बिडाच्या बाहेरून पुढे न्यायचा. मागे जाड प्लेटचा चौकट-माउंट, तिथून एक्सलच्या खालून दोन्ही बाजूंनी सी-चॅनल, पुढे इंजिनच्या बाजूनं थेट पुढच्या एक्सलच्या बोल्स्टरपर्यंत (एक्सल ज्याला टांगलेलं असतं तो ठोकळा). आमच्याकडे १२५ मिलिमीटरचे चॅनल आहेत, एक्सलखाली आतून पट्टी मारून पेटीसारखे बंद केलेले. मागच्या एक्सलच्या नळीला वरून यू-बोल्ट आणि खालून २० मिलिमीटरची प्लेट. बोल्ट १०.९ ग्रेडचे. चॅनल मध्येच गिअरबॉक्सपाशी संपवू नका. काही फॅब्रिकेटर स्टील वाचवायला तसं करतात आणि मग पीळ नेमका सगळ्यात कमकुवत जोडावर जाऊन थांबतो.

मागच्या माउंटला खाली दोन जाड पिना आणि वर दोन पिना ठेवल्या तर हात काढता-घालता येतो. पिना ईएन-८ च्या, ४० मिलिमीटरच्या पुढे. ज्या मिस्त्रीकडून हे करून घेतलं त्यानं आधी ट्रॅक्टर उभा करून पुठ्ठ्याचे साचे कापले, ते एक्सलभोवती बसवून बघितले, मगच गॅस कटर हातात घेतला. एक अख्खा दिवस पुठ्ठ्यात गेला. मला वाटलं होतं वेळ घालवतोय. शेवटी एकही भोक परत पाडावं लागलं नाही.

एक्सलला थेट वेल्डिंग मारलं तर?

नको. बीड तडकतं. पुढच्या प्रश्नाकडे चला.

ट्रॅक्टरला हायड्रोलिक आहेच की, त्याच्यावर चालणार नाही का?

हलेल, चालणार नाही. लिफ्टचा पंप लिफ्टसाठी आहे. फर्ग्युसन घराण्यात तो गिअरबॉक्सच्या पोटात असतो आणि लिफ्टचा सिलिंडर एकेरी असतो: तेल ढकललं की वर, सोडलं की वजनानं खाली. बॅकहोचे सगळे सिलिंडर दुहेरी. बूम, आर्म, बकेट, दोन स्विंगचे, दोन जॅकचे, असे सात सिलिंडर त्या पंपाच्या जिवावर चालवायचे म्हणजे चाळीतल्या एका नळावर सात बिऱ्हाडं.

आणखी एक. त्या पंपाचं तेल म्हणजे गिअरबॉक्सचंच तेल. बॅकहोच्या सिलिंडरमधली धूळ, रबराचे तुकडे, सगळं तुमच्या गिअरमध्ये. म्हणून पंप वेगळा, टाकी वेगळी, फिल्टर वेगळा.

पंप केवढा घ्यायचा?

पीटीओचा वेग ५४० फेऱ्या. गिअर पंप त्याहून जोरात फिरायला हवा असतो, म्हणून मधे वेग वाढवणारा गिअरबॉक्स लागतो. एकास तीनचा घेतला तर पंप १६२० फेऱ्या फिरतो. फेरीमागे २५ सीसी देणारा पंप असेल तर मिनिटाला ४० लिटर तेल. छोट्या हाताला तेवढं भरपूर. १४० बारला ४० लिटर म्हणजे गुणाकार करून ६०० नं भागा, ९.३ किलोवॅट आले. घर्षण धरून पंधरा अश्वशक्ती. पस्तीसच्या ट्रॅक्टरला हे ओझं नाही. त्यामुळे ‘इंजिन पुरेल का’ ही काळजी सोडा, ‘कणा पुरेल का’ ही करा.

पंप पीटीओच्या दांड्यावर सरळ चढवत असाल तर त्याच्या अंगाला फिरू न देणारी पट्टी किंवा चेन ट्रॅक्टरला बांधायची विसरू नका. विसरलात तर पंपच गरगर फिरतो आणि पाइप त्याच्याभोवती गुंडाळले जातात. टाकीतून पंपाकडे येणारा सक्शनचा पाइप जाड हवा, इंच-सव्वा इंच, आणि शक्य तेवढा आखूड. तो बारीक ठेवला की पंप खडखडतो, जसा डब्यात खडे हलवावेत तसा, आणि काही तासांत खलास होतो. टाकी चाळीस लिटरच्या वर, परतीच्या लाइनवर फिल्टर, तेल ६८ नंबरचं. मुंबईच्या उन्हाला ४६ पातळ वाटतं. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या हद्दीपुढे गेला की तेल सोडून देणारा) गेज लावूनच सेट करा, अंदाजानं नाही. ‘अजून थोडी ताकद’ म्हणून दोन आटे घट्ट करणाऱ्याला मी मशीनला हात लावू देत नाही.

चालवताना पुढची चाकं हलकी वाटतात.

वाटत नाहीत, असतात. हात ४५० किलोचा आणि त्याचं वजन मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे धरा. ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतर १.८ मीटर. पुढून २५० किलो उडाले. पुढच्या एक्सलवर मुळात पाचशेच्या आसपास असतील तर अर्धं गेलं. एकूण वजनाच्या किमान वीस टक्के पुढे असावं हा जुना नियम आहे. तो पाळायचा तर नाकावर दीडशे-दोनशे किलोची वजनं लागतात. आम्ही पुढच्या बंपरवर बिडाच्या जुन्या पुल्या बसवल्या आहेत. दिसतं भिकार, पण स्टिअरिंग ऐकतं. मागच्या टायरमध्ये पाणी भरून हा प्रश्न सुटत नाही, कारण ते वजन पुढे जात नाही.

सामान मुंबईत कुठे मिळेल?

सील, ओ-रिंग, बेअरिंग, फिटिंग, होजचे निपल यासाठी नागदेवी स्ट्रीट. जुना सील सोबत न्या, दुकानदार व्हर्नियर लावून क्षणात काढून देतो. जाड प्लेट आणि जुनं चॅनल दारूखाना या भागात, नवं स्टील कळंबोलीच्या लोखंड बाजारात. जुने सिलिंडर, व्हॉल्व्ह ब्लॉक कुर्ल्याला भंगारात बघता येतात, पण सिलिंडर घेताना दांडा पूर्ण बाहेर काढून नख फिरवा. क्रोमला नख अडलं तर तो सिलिंडर सील खात राहणार. होज डबल वायरचाच घ्या आणि टोकं समोर उभं राहून क्रिंप करून घ्या.

तयार हात घ्यावा की बनवून घ्यावा?

तयार. पंजाब, हरियाणा, गुजरातमध्ये ट्रॅक्टरसाठीचे हात बनवणारे बरेच आहेत. हाताची भूमिती, सिलिंडर कुठे धरायचा, बकेट किती वळायची, हे कागदावर सोपं दिसतं. सबफ्रेम मात्र तुमच्या ट्रॅक्टरच्या अंगावर मापं घेऊनच बनवा. तयार हातासोबत येणारी ‘सर्व ट्रॅक्टरना चालणारी’ फ्रेम माझ्या मते कुठल्याच ट्रॅक्टरला नीट बसत नाही.

काळा पाषाण फोडेल का?

नाही. मुरूम खरवडतो, ओली माती लोण्यासारखी उचलतो, भरावाच्या जमिनीत विटा-काँक्रीटचे तुकडे निघतात तेही काढतो. मुंबईचा बेसाल्ट लागला की थांबायचं. दात घासत बसलात तर पीळ सगळा फ्रेममध्ये. त्याला ब्रेकरवाला बोलवा.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचे तपशील उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. शेती ट्रॅक्टर आणि बांधकामाचं वाहन या नियमांत दोन वेगळ्या जाती आहेत. जुन्या ट्रॅक्टरची पंधरा वर्षं केव्हाच उलटलेली असतात, म्हणजे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण आलंच. रस्त्यावर नेणार असाल तर आधी कार्यालयात जाऊन लेखी विचारा. भाड्यानं दुसऱ्याच्या साइटवर खोदायला नेणार असाल तर दोनदा विचारा. आम्ही पिना काढून हात वाडीतच ठेवतो आणि ट्रॅक्टर ट्रॅक्टरसारखाच रस्त्यावर येतो.

स्वतःच्या जागेत कुठेही खोदता येईल ना?

रस्ता, फुटपाथ म्हटलं की महापालिकेची परवानगी. स्वतःच्या आवारातही खालून काय गेलंय ते आधी विचारा: शहरात बेस्टची केबल, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण, शिवाय महानगर गॅस आणि पाण्याच्या लाइनी. मार्च २०२३ पासून केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप आहे, त्यावर नोंद करता येते. खोदताना विटांची सरळ रांग किंवा प्लास्टिकची रंगीत पट्टी दिसली की बकेट थांबवा, पुढे कुदळ-फावडं. आणि आमच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी: तिवरांपासून ५० मीटरच्या आत बकेट नेऊ नका. उच्च न्यायालयाचा आदेश आहे, आणि मासे तिथेच वाढतात.

खोदताना ट्रॅक्टर मागे ओढला जातो.

जेसीबी पुढची बकेट जमिनीत रोवून उभा राहतो, ती आपल्याकडे नाही. जॅक दाबले की मागची चाकं उचलली जातात आणि ब्रेक असतात मागच्याच चाकांना. म्हणजे ब्रेक दाबून ठेवलात तरी उपयोग शून्य. जॅकच्या पायांना खालून दातेरी पट्टी मारा आणि पुढच्या चाकांच्या खड्ड्याकडच्या बाजूला लाकडी ठोकळे लावा. बकेट एका घासात भरायचा हट्ट सोडा. तीन पातळ घास बरे. स्विंग करताना बकेट खाली, ट्रॅक्टरच्या जवळ. उतारावर असाल तर माती वरच्या बाजूला टाका.

गोराईसारख्या किनाऱ्याच्या रेताड जमिनीत भरतीला खड्ड्याच्या भिंती ढासळतात. आम्ही ओहोटी धरून खोदतो. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय कुणालाही उतरवायचं नाही, मग तो कितीही ‘एक मिनिट, काका’ म्हणो.

पाइपमधून बारीक तेल उडतंय, बोटानं दाबून बघू?

अजिबात नाही! सुईच्या टोकाएवढ्या भोकातून १४० बारनं येणारं तेल कातडी फोडून आत जातं. वर नुसता लाल ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत बोट कापायची वेळ येते. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात जा आणि ‘हायड्रोलिक तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर इंजिन चालू असताना पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा. दुरुस्तीआधी इंजिन बंद, बकेट जमिनीवर आणि सगळे लिव्हर दोन-तीनदा हलवून दाब सोडलेला.

पावसाळ्यात कसा ठेवायचा?

खारी हवा क्रोम खाते. शक्य तेवढे सिलिंडर आत ओढून ठेवा, जो दांडा बाहेर राहील त्याला ग्रीसचा जाड थर. टाकीच्या झाकणातून पाणी जाणार नाही ते बघा. तेल दुधाळ झालं तर बदला. एरवी कामाच्या दर आठ-दहा तासांनी सगळ्या पिनांना ग्रीस, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

परवडतं का?

बहुतेकांना नाही. एक विहीर, एक पाया, चार खड्डे एवढंच काम असेल तर ताशी भाड्यानं जेसीबी बोलवा, संध्याकाळपर्यंत काम आणि डोकेदुखी दोन्ही संपतील. आमचं गणित वेगळं होतं. वाडीच्या गल्लीतून जेसीबी शिरत नाही आणि दरवर्षी बांध, पाण्याचे चर, नारळाचे खड्डे, शेजाऱ्यांच्या सेप्टिक टाक्या असं चाळीस-पन्नास तासांचं काम असतं, तेही तुकड्या-तुकड्यानं. आणि खरं सांगायचं तर मामांचा ट्रॅक्टर भंगारात घालायचा नव्हता.

पैसे कुठे जातात ते सांगतो. हातात कमी, सबफ्रेम, पंप आणि होजमध्ये जास्त. पहिल्यांदा हिशोब करताना सगळे फक्त हाताची किंमत विचारतात.

नंतर नांगर परत लावता येईल?

येईल, सबफ्रेम करतानाच लोअर लिंकना हलायला जागा सोडली असेल तर. आमच्या फ्रेममध्ये आधी ती सोडली नव्हती. भातलावणीच्या तोंडावर लक्षात आलं, तेव्हा पावसात ताडपत्री बांधून डाव्या चॅनलला आतून खाच कापली आणि बाहेरून तेवढीच पट्टी मारली. ती पट्टी अजून आहे, रंग मात्र तिच्यावर टिकत नाही.